व्हिडिओ छान झाला, पण धडा समजला का?

प्रश्न असा आहे. जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेतले एक शिक्षक विचारतात: सातवीच्या वर्गात चौतीस मुलं, वापरता येतील असे दोनच फोन आणि लोकवर्गणीतून आलेला एक टीव्ही. वर्षभर मुलांकडून व्हिडिओ करून घेतले, शिक्षण परिषदेत कौतुकही झालं. पण घटक चाचणीत, ज्या मुलांनी व्हिडिओत धडा धडाधड सांगितला होता त्यांनाच त्यावरचं उत्तर लिहिता आलं नाही. मग हा खटाटोप चालू ठेवावा की सोडून द्यावा? चालू ठेवायचा तर कसा, आणि गुण कशाला द्यायचे?

सोडू नका. पण काय घडलं असेल याचा मला अंदाज आहे, कारण बहुतेक शाळांत असंच घडतं. संहिता तुम्ही लिहिलीत. मुलांनी ती पाठ केली. वर्गातल्या चुणचुणीत मुलीने ती कॅमेऱ्यासमोर म्हटली. जोडाजोड, शीर्षकं, संगीत हे सगळं रात्री घरी बसून तुम्हीच केलंत. आता सांगा, त्या धड्यावर सगळ्यात जास्त डोकं कुणी चालवलं? त्या घटक चाचणीला तुम्ही बसला असतात तर पैकीच्या पैकी मिळाले असते.

यात तंत्रज्ञानाचा काही दोष नाही. स्लॅमेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली दाखवून दिलं की नुसता वाचलेला शब्द जितका लक्षात राहतो त्यापेक्षा स्वतः शोधून काढलेला शब्द जास्त राहतो. त्याच्याही कितीतरी आधी, १९२० च्या दशकात, सेलेस्तँ फ्रेने नावाच्या फ्रेंच खेड्यातल्या मास्तरांनी वर्गात छापखाना आणला. मुलं स्वतः मजकूर लिहायची, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायची आणि अंक छापून दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवायची. आपल्याकडच्या शाळांत हस्तलिखित आणि भित्तिपत्रक होतंच की. चांगल्या हस्तलिखिताचा फायदा कुणाला व्हायचा? ज्याने चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिलं त्याला. ज्याने फक्त मुखपृष्ठ रंगवलं त्याला रंगकाम आलं, मजकूर आला नाही. फोन आल्यामुळे हा हिशेब बदललेला नाही.

आणि तयार साहित्याशी स्पर्धा करू नका. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपवर घटकाचा व्हिडिओ मिळतो, ती सोय काही वर्षांपासून आहे. परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला तेव्हा क्यूआर कोडची गोष्ट घरोघरी पोचली. पण ते शिक्षकांनी मुलांसाठी केलेलं साहित्य. मुलांनी केलेला व्हिडिओ दुसऱ्या कुणी बघून शिकावं म्हणून करायचाच नसतो. तो करताना करणाऱ्याने शिकावं एवढाच त्याचा उपयोग. म्हणून तो हलला, अंधारा आला, शेवटी कुणाचं तरी नाक दिसलं, तरी बिघडत नाही.

एक उदाहरण तपशिलात सांगते, कारण सगळी मेख त्यातच आहे.

चंद्रकला. सातवीतल्या कुठल्याही वर्गात विचारा, चंद्र कमी-जास्त का दिसतो? निम्म्याहून अधिक हात वर येतात आणि उत्तर मिळतं, पृथ्वीची सावली पडते म्हणून. धडा शिकवून झाल्यावरही हेच उत्तर येतं. मी गटाला सांगते, याचा स्टॉप मोशन करा. साहित्य म्हणजे अंधारी खोली, एका बाजूला उघडा बल्ब, सायकलच्या स्पोकला टोचलेला थर्माकोलचा गोळा आणि फोन. एका चांद्रमासाचे साधारण तीस फोटो, सेकंदाला पाच या वेगाने लावले की सहा सेकंदांची फिल्म होते. सहाच सेकंद. तीच तीन-चार वेळा फिरवून वर निवेदन बोलायचं.

आता गंमत बघा. पहिला गट फोन नेहमी भिंतीजवळ, बाजूला लावतो. मध्ये एक मुलगा पृथ्वी होऊन बसतो, दुसरा गोळा घेऊन त्याच्याभोवती फिरतो, तिसरा फोटो काढतो. तीसच्या तीस फोटोंत गोळा अर्धा उजळलेला आणि अर्धा काळा. कला दिसतच नाहीत! इथे शिक्षकाने तोंडाला कुलूप लावायचं. थोड्या वेळाने कुणीतरी म्हणतं, "बाई, फोन पृथ्वीवर पाहिजे." हे वाक्य ज्या पोराच्या तोंडून येतं त्याला चंद्रकला समजायला सुरुवात झालेली असते. चंद्र कायमच अर्धा उजळलेला असतो, आपण कुठून बघतो त्यावर तो कितीचा दिसतो हे ठरतं, ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते आणि एका ओळीतच राहते.

फोन मध्ये ठेवून गोळ्याच्या मागे वळवत नेला की पुढची अडचण येते. अमावस्येला बल्ब थेट कॅमेऱ्यात येतो आणि गोळा दिसेनासा होतो. ठीक, अमावस्या कळली. पौर्णिमेला फोन धरणाऱ्याच्या डोक्याची सावली गोळ्यावर पडते आणि गोळा काळा होतो. म्हणजे दर पौर्णिमेला ग्रहण! मुलं हमखास वैतागतात, मग गोळा थोडा वर धरतात, आणि त्यातलं एखादं विचारतंच की खरा चंद्रसुद्धा असा वर-खाली असतो का. असतो. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण होत नाही. ही माहिती मी त्या प्रश्नाआधी कधीही देत नाही.

आणि गोळा उलट्या दिशेने फिरवला तर? मग शुद्ध पक्षात भलतीच कड उजळते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा, संध्याकाळी आकाशात चंद्र बघा, आणि मग ठरवा कुठल्या दिशेने फिरवायचं. शुद्ध अष्टमीला सूर्य मावळताना चंद्र जवळपास डोक्यावर असतो. सूर्य पश्चिमेला, म्हणजे पृथ्वीची सावली पूर्वेला पडणार. मग डोक्यावरच्या चंद्रावर ती पडेलच कशी? सावलीवाल्या उत्तराचा निकाल इथे लागतो, आणि मुलांनी तो स्वतः लावलेला असतो.

निवेदनाबद्दल माझा आग्रह असतो की चुकीच्या उत्तरापासून सुरुवात करा. "आम्हाला वाटत होतं की पृथ्वीची सावली पडते", असं पहिलं वाक्य. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर काम केलं, २००८ मध्ये ते पूर्ण झालं. सरळसोट, स्वच्छ समजावून सांगणारा व्हिडिओ पाहिलेल्या विद्यार्थ्यांना सगळं समजल्यासारखं वाटलं, पण चाचणीत फारसा फरक पडला नाही. ज्यात आधी चुकीची समजूत बोलून दाखवली आणि मग ती तपासली, तो व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळाचा वाटला, पण शिकणं त्यातून जास्त झालं. तुमच्या मुलांचे व्हिडिओ बहुधा पहिल्या जातीचे आहेत. ते शिक्षण परिषदेत खपतात.

आता व्हिडिओचा नाद थोडा बाजूला ठेवा. दोनच फोन असताना मी व्हिडिओला शेवटचा नंबर देते आणि आवाजाला पहिला. नुसतं ध्वनिमुद्रण करायला साधा फोन पुरतो, जागा कमी लागते, चेहरा येत नसल्याने परवानगीचे प्रश्न निम्मे होतात आणि बुजरी मुलंही बोलतात. इतिहास आणि नागरिकशास्त्राला तर याच्यासारखं साधन नाही.

महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत बाहत्तरचा दुष्काळ आठवणारी माणसं अजून आहेत, पण फार वर्षं नसतील. मुलांना त्यांची मुलाखत घ्यायला पाठवायचं. पहिल्या खेपेला मुलं विचारतात, "आजी, दुष्काळ कसा होता?" आजी म्हणते, "लई वाईट होता बाळा." मुलाखत संपली. ही फाईल वर्गात सगळ्यांना ऐकवायची आणि विचारायचं, आता काय करू या? मग प्रश्न घडवायला बसायचं. "त्या वर्षी सकाळी उठल्यावर तू पहिलं काम काय करायचीस?" "पाणी कुठून आणायचीस? सोबत कोण असायचं?" "कामावर खायला काय मिळायचं?" अशा प्रश्नांना उत्तरं येतात. खडी फोडायला जायचो. पाझर तलावाची माती वाहिली. सुकडी मिळायची. मिलो खाल्ला, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. एका आजीच्या म्हणण्याप्रमाणे तो मिलो घशाखाली उतरायचा नाही, दुसरी म्हणते भूक एवढी होती की चवीचं कुणाला पडलंय. दोघींपैकी खरं कोण? यावर सातवीतली मुलं जो वाद घालतात तो इतिहासाचा खरा तास. तिथून दुष्काळी कामांकडे जायचं, तिथून रोजगार हमी योजनेकडे, तिच्या १९७७ च्या कायद्याकडे आणि पुढे २००५ च्या देशपातळीवरच्या कायद्याकडे. मागेल त्याला काम ही कल्पना पुस्तकातून आली की आपल्या गावच्या तलावावरून, हे मुलांना सांगावं लागत नाही.

या कामात शिकण्याचा सगळ्यात दाट भाग रेकॉर्डिंगनंतर येतो. वीस मिनिटांच्या बोलण्यातून दीड मिनिट निवडायचं. कुठलं ठेवायचं, कुठलं गाळायचं आणि का? प्रत्येक गटाने गाळलेल्या दोन तुकड्यांचं कारण वहीत लिहायचं. आणि कृपा करून आजीची भाषा सुधारू नका. "लई" चं "फार" करायचा मोह शिक्षकांनाच होतो, मुलांना होत नाही.

दोन फोन आणि चौतीस मुलं हा अडथळा वाटतो, पण मला तो सोयीचा वाटतो. पाच गट करा. एका वेळी दोन गट फोनवर, बाकीचे तीन कागदावर. वहीच्या पानावर सहा चौकोन आखायचे, प्रत्येकात काय दिसणार त्याचं वेडंवाकडं चित्र आणि खाली काय ऐकू येणार ते वाक्य. फोन मागायला येणाऱ्या गटाला मी दोनच गोष्टी विचारते: हे बघणाऱ्याला आधी काय वाटत असेल, आणि बघून झाल्यावर काय वाटलं पाहिजे? उत्तर नसेल तर परत जागेवर. फोन प्रत्येकी असते तर हे कागदाचं काम कुणीही केलं नसतं.

शब्दांचा अंदाजही द्या. बाराएक वर्षांचं मूल समजेल अशा वेगाने बोललं तर मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द होतात. दोन मिनिटांच्या निवेदनाला अडीचशे. मुलं लिहून आणतात सहाशे. ते अडीचशेवर आणण्याइतका चांगला मराठीचा तास मला तरी माहीत नाही.

गटात कामं फिरती ठेवा. लक्ष ठेवलं नाही तर फोन मुलांच्या हातात जातो आणि मुली शीर्षकं रंगवत बसतात, हे प्रत्येक शाळेत दिसतं.

तांत्रिक गोष्टी थोड्याच आहेत. रेकॉर्डिंग करताना फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर नेमका मुख्याध्यापकांचा फोन येतो. व्हिडिओचं रिझोल्यूशन ७२० वर ठेवा, १०८० वर मिनिटाला शंभरच्या वर एमबी सहज जातात आणि फोन भरला की काम थांबतं. फाईल एकीकडून दुसरीकडे पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ती दाबली जाऊन चित्र बिघडतं. आवाजासाठी शाळेतली सगळ्यात चांगली खोली म्हणजे पोषण आहाराचं धान्य ठेवलेली. तांदळाची पोती प्रतिध्वनी शोषून घेतात, वर्गातल्यासारखा आवाज घुमत नाही. पत्र्याच्या वर्गात पाऊस पडताना रेकॉर्डिंगच्या भानगडीत पडू नका.

पार्श्वसंगीत काढून टाका. मोरेनो आणि मेयर यांनी २००० साली ॲनिमेशनच्या धड्यांवर प्रयोग केले, त्यात निवेदनामागे संगीत घातलं की शिकणं कमी झालं. शिवाय सिनेमाचं गाणं लावून व्हिडिओ यूट्यूबवर टाकला की हक्कांची कटकट मागे लागते. सुरुवातीला आवाज हवाच असेल तर वर्गात हलगी किंवा टाळ वाजवणारं कुणीतरी असतंच.

मुलं आता संहिता चॅटबॉटकडून लिहून आणतात, हेही खरं. याच्यावर बंदीचा फलक लावून काही होत नाही. पहिला खर्डा वर्गातच, हाताने लिहायचा आणि विषयात गावातलं काहीतरी असायचं. तुमच्या तलावाच्या बांधावर कोण राबलं ते त्या यंत्राला माहीत नाही.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे, घटक चाचणीकडे. बोलता येणं आणि लिहिता येणं ही दोन कामं आहेत. एकाने दुसरं आपोआप येत नाही. म्हणून व्हिडिओ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद, वही-पुस्तक बंद, आणि प्रत्येकाने एकट्याने आठ ओळी लिहायच्या: आम्ही काय दाखवलं आणि तसं का घडतं. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग हेच सांगतो. तोच मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. आपण मात्र उलट करतो, झालेला व्हिडिओ वर्गाला पुन्हा पुन्हा दाखवतो आणि उजळणी झाली म्हणतो.

गुण देताना संकलनाला, शीर्षकांना, चकचकाटाला शून्य गुण. ते ज्याच्या घरी मोठ्या भावाचा चांगला फोन आहे त्याच्या पदरात पडतात. मी पहिला खर्डा आणि शेवटचा खर्डा शेजारी ठेवून बघते, काय बदललं आणि का. मग गटातल्या एकाची चिठ्ठी काढून त्याला व्हिडिओत नसलेला प्रश्न विचारते. चंद्रावर उभं राहून पृथ्वी बघितली तर आपल्या पौर्णिमेला ती कशी दिसेल? (काळोखी. तिथे तेव्हा पृथ्वीची अमावस्या असते.) त्या एका उत्तराचे गुण सगळ्या गटाला. चिठ्ठी कुणाची निघेल ते माहीत नसल्यामुळे हुशार मुलं बाकीच्यांना आदल्या दिवशी पकडून शिकवतात, आणि तुम्ही न सांगता शिकवतात. नोंदींची काळजी नको. २०१० पासून आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनात उपक्रम, प्रकल्प, प्रात्यक्षिक ही साधनतंत्रं आहेतच, त्यातच हे बसतं.

प्रत्येक घटकाला व्हिडिओ करायचा नसतो. बैजिक राशींची बेरीज वहीतच शिकावी. जिथे मुलांच्या मनात पक्की चुकीची समजूत आहे, जिथे डोळ्यांना न दिसणारी हालचाल आहे, किंवा जिथे गावातल्या माणसांकडे पुस्तकात नसलेली माहिती आहे, तिथेच हा पसारा परवडतो. एका विषयात वर्षाला दोन-तीन पुष्कळ झाले.

पालक "मोबाईल नको" म्हणतात, त्यांचं चुकत नाही. फोन शाळेत राहतो, शाळेतच वापरला जातो, घरी फोनवरचा अभ्यास द्यायचा नाही. घरात एकच फोन असतो आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो. चेहऱ्यांचं म्हणाल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक मानलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. माझी पद्धत सोपी आहे: कॅमेऱ्यात हात, वस्तू आणि चित्रं, चेहरा नाही, नाव नाही. व्हिडिओ शाळेच्या टीव्हीवर आणि पालकसभेत. गावाच्या ग्रुपवर नाही, स्टेटसला नाही. वर्ष संपलं की फोनमधून काढून टाकायचे. आजींच्या मुलाखतीला आजींची परवानगी, आणि त्यांना आधी ऐकवून. काही आजी ऐकून म्हणतात, हे एवढं काढ. काढायचं.

सुरुवात चंद्रापासून करणार असाल तर पावसाळ्यात हात घालू नका, आकाशच दिसत नाही. दिवाळीची सुट्टी याला उत्तम. लक्ष्मीपूजन अमावस्येला असतं, भाऊबीजेला संध्याकाळी पश्चिमेला बारीक कोर दिसते, तिथून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंतचा शुद्ध पक्ष मुलांना फुकट मिळतो, मामाच्या गावी असली तरी. रोज एकाच जागेवरून, दिवेलागणीला, चंद्र कुठे आणि कितीसा आहे ते वहीत काढायला सांगा. ढग आले तर तो चौकोन रिकामा ठेवायचा, अंदाजाने भरायचा नाही. सुट्टीनंतर त्या वह्या उघडल्यावर बल्ब आणि गोळा बाहेर काढा, फोन त्यानंतर.